सोन्या-पाखऱ्याच्या मागून विमान

इंजिन बंद पडलं तेव्हा मला मरणाची आठवण झाली नाही. पहिला विचार आला तो एवढाच, की आपल्याकडून कुठलं वाक्य चुकलं?

शमशेर आमच्या मिरजेचा, सतारी करणाऱ्या घराण्यातला. भोपळे, लाकूड, सरस आणि तारा यांत त्याच्या पिढ्या गेल्या, पण त्याच्या डोक्यात लहानपणापासून विमान होतं. पन्नाशी जवळ आली तेव्हा त्याने दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील एवढ्याशा लाकडी विमानाचे नकाशे परदेशातून मागवले. सोबत सूचनांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. मी शाळेच्या वाचनालयात आयुष्य काढलेला, निवृत्त, घरी एकटा. शमशेर म्हणाला, "मगदूम काका, तुम्ही वाचून सांगायचं, मी चिकटवायचं."

तसं बरीच वर्षं चाललं. त्याच्या कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसून मी एकेक सूचना मराठीत सांगायचो आणि तो फळी तासायचा. घरी आलो की मला शंका यायच्या. 'घट्ट' असं सांगितलं, ते मुळात 'बेताचं घट्ट' होतं का? 'आतल्या बाजूने' म्हणजे कुणाच्या आतल्या? सकाळी जाऊन हे बोलून दाखवलं की शमशेर हसायचा. "काका, तुम्ही झोपत जावा की ओ. चुकलं तर आपण दोघंच पडणार, तिसऱ्याला त्रास न्हाई."

विमान झालं. जुन्या मोटारीचं इंजिन घासूनपुसून त्याला बसवलं. तपासणीला माणसं येऊन गेली, कागद झाले, शमशेर बाहेरगावी जाऊन उडवायला शिकून आला. आता राहिली शबाना.

शबाना म्हणजे शमशेरची बायको. ती शाळेत गणित शिकवते आणि घरातही गणितासारखीच बोलते. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी ती माळावर आली, विमानाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "हवेत एकदा, फक्त एकदा, इंजिन बंद पडलं, की दुसऱ्या दिवशी करवत लावायची. लाकडाच्या सतारी झाल्या तर सतारी, न्हाईतर चुलीत. कबूल?"

"कबूल," शमशेर म्हणाला.

"नुसतं कबूल न्हाई. आईची शपथ घ्या."

त्याने घेतली. शबाना माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही साक्षीदार."

मी मान हलवली. मला कुणी काहीही विचारलं तरी मी मान हलवतो.

विमान चांगलं उडायचं. शेजारच्या सीटवर कुणीतरी असलं की त्याचा तोल बरा राहायचा, आणि शबाना काही बसायला तयार नव्हती, म्हणून मी बसायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं होतं. वर एवढा आवाज असतो की कुणाशी बोलावं लागत नाही. समोरून ओळखीचा माणूस येत नाही. खाली कृष्णा वळणं घेत निवांत पडलेली असते. माझ्यासारख्या माणसाला याहून वेगळं काय पाहिजे?

त्या दिवशी माघातली थंडी होती. नदीवर धुकं रेंगाळत होतं. कराडच्या बाजूला एक चक्कर मारून परत यायचं असं ठरलं होतं. वाटेत इंजिनाने एकदा खाकरल्यासारखं केलं. मग पुन्हा. मग ते थांबलंच. पंखा आमच्या नाकासमोर दटावणाऱ्या बोटासारखा उभा राहिला, आणि जिथे इतका वेळ घरघर होती तिथे नुसती वाऱ्याची शीळ ऐकू येऊ लागली.

"काका, घाबरू नका," शमशेर म्हणाला. त्याचा आवाज सतारीच्या वरच्या तारेवर गेला होता.

"बेताचं घट्ट असेल," मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही."

त्याने बटणं दाबली, दांडा मागेपुढे केला, आमच्या दोघांच्या मधोमध असलेला पेट्रोलचा कॉक फिरवला, पुन्हा बटणं दाबली. पंखा हलला नाही. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "खाली सपाट काय दिसतंय ते बघा. लवकर."

खाली सगळं सपाटच दिसत होतं, हीच अडचण होती. वरून ऊस हिरवळीसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो दोन पुरुष उंच असतो, आणि त्यात उतरलेलं विमान पालथं होतं. उसापलीकडे द्राक्षबागा, म्हणजे लोखंडी अँगल आणि तारा. रस्ता होता, पण त्यावर साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. तेवढ्यात डाव्या हाताला मला एक लांब, सरळ, तपकिरी पट्टा दिसला.

"तिकडे," मी म्हणालो. "उघडी जमीन आहे. दोन्ही बाजूंना झाडं लावलीत."

शमशेरने मान वळवून पाहिलं. "काका, झाडं टोप्या घालत न्हाईत. माणसं हायत ती."

ते जोगणवाडीच्या यात्रेचं बैलगाडी शर्यतीचं मैदान होतं. पण आता दुसरीकडे जाण्याइतकी उंची उरली नव्हती. शमशेरने विमान मैदानाच्या मागच्या टोकाकडे वळवलं, जिथून गाड्या सुटतात तिथे. आम्ही पोचलो त्याच क्षणी खाली झेंडा पडला आणि एका ओळीतले छकडे उधळले. छकडा म्हणजे शर्यतीची हलकी दोन चाकी गाडी. छकडे पुढे गेले आणि त्यांच्यामागची जमीन मोकळी झाली. शमशेरने मोठ्याने अल्लाचं नाव घेतलं आणि विमान त्या मोकळ्या जमिनीवर टेकवलं.

पुढचं आम्हाला नंतर कुणाच्या तरी मोबाइलवर पाहायला मिळालं, कारण त्या वेळी माझे डोळे मिटलेले होते. शर्यतीचा समालोचक साईराज कर्ण्यावरून ओरडतोय: "सुटली, सुटली, सुटली! पुढं पृथ्वीराज दादांची गाडी, काय ती चाल, काय तो डौल! आणि सगळ्यांत शेवटी, नेहमीप्रमाणं, अर्जुना आप्पांचे सोन्या आणि पाखऱ्या, सावकाश, काही घाई न्हाई... आणि त्यांच्या मागनं... मागनं... आरं ही कुणाची गाडी? मंडळी, ह्या गाडीची नोंद न्हाई! इनानोंदीची गाडी मैदानात आलेली हाय! आणि ही गाडी वरनं आलेली हाय!"

मग दिसतं ते असं. सोन्या नावाचा बैल मान वळवून मागे पाहतो. पंख पसरलेलं, शीळ घालणारं काहीतरी आपल्या शेपटीकडे येतंय हे त्याला कळतं. तो ते पाखऱ्याला कसं सांगतो कोण जाणे, पण पुढच्या क्षणी ती जोडी जी सुटते, ती एकेक गाडी मागे टाकत, पृथ्वीराजच्या गाडीच्या पुढे निशाणापार जाते आणि तिथेही न थांबता गाडीवानासकट समोरच्या उसात शिरते. आम्ही निशाणाच्या अलीकडे थांबलो. विमानाला ओरखडा नव्हता.

शमशेरने स्टिअरिंगच्या दांड्यावर डोकं टेकलं. मी डोळे उघडले. सगळीकडून माणसं धावत येत होती. आता विचारतील, लागलं का, जगलात का, असं मला वाटलं.

"पाव्हणं, कुठलं गाव?"

"मिरज," शमशेर म्हणाला.

"ॲव्हरेज किती देतं?"

"गॅसवर चालंल का?"

"आवं, आदी माणसास्नी खाली तर उतरू द्या," म्हणत एक बाई तांब्या घेऊन गर्दीतून पुढे आल्या. त्यांना सगळे साळूबाई म्हणत होते. "प्या बाबा पाणी. म्हातारं कसं पिठावानी पांढरं पडलंय बघा."

मी पाणी प्यायलो. शमशेर माझ्या कानाशी आला. "काका," तो कुजबुजला, "कुणालाबी इंजिन बंद पडलं म्हणून सांगायचं न्हाई. तो उंच स्टँडवर कॅमेरा दिसतोय? शर्यत लाइव चाललीय. आमचा मेव्हणा कैफ दुकानात बसून एकूण एक मैदान बघतो. कैफला कळलं म्हणजे शबानाला कळलं. आणि शबानाला कळलं, की उद्या करवत."

मी मान हलवली. त्या वेळी मला ते अवघड वाटलं नाही. दोन शब्द बोलू नयेत एवढंच करायचं होतं, आणि न बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण विमान बाजूला ढकलायचं सोडून लोक आम्हालाच मंचाकडे न्यायला लागले, तेव्हा कळलं की भांडण आधीच पेटलंय.

मंचावर पंच बसले होते. त्यांच्यातले वडीलधारे ज्ञानू अण्णा, पांढऱ्या मिशा, मांडीवर झेंडा. त्यांच्यासमोर काळा गॉगल लावलेला पृथ्वीराज हातवारे करत होता.

"अण्णा, चाबूक चालत न्हाई, बॅटरीचा शॉक चालत न्हाई, काठी लावली तर गाडी बाद. आणि इमान चालतं व्हय? मागनं इमान सोडलं तर माज्या आज्जीची शेळीबी पयली यील!"

"तुज्या पोटात का दुखतंय त्ये मला म्हाईत हाय," दुसऱ्या बाजूचा माणूस म्हणाला. हे अर्जुना आप्पा, लष्करातून हवालदार म्हणून परत आलेले, सोन्या-पाखऱ्याचे मालक. बैल शोधायला उसात शिरून आल्यामुळे त्यांच्या फेट्यात पाचोळा अडकला होता. "आवं अण्णा, ह्या इमानाचा अन् माजा काय संबंध? मी यष्टीनं हिंडणारा माणूस. गावात लोकं माज्या बैलांस्नी म्हशी म्हनत्यात. आज कुटं देवानं डोळं उघडलं, तर ह्यो बाबा त्ये झाकाय बसलाय."

"गप बसा दोगंबी," ज्ञानू अण्णा म्हणाले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "हे बगा पाव्हणं. ह्या मैदानाची रीत अशी हाय. शर्यत चालू असताना मदी कुत्रं शिरलं, वावटळ आली, तर निकाल फिरत न्हाई. त्ये देवाच्या मर्जीचं. पर कुणी जाणूनबुजून जनावर भेडवलं, तर ज्याचा फायदा झाला ती गाडी बाद, आणि भेडवणाऱ्याची गाडी यात्रा कमिटीच्या ताब्यात. म्हंजे सवाल येकच ऱ्हातोय. तुमचं इंजिन बंद पडलं, का तुमी आपनहून मैदानात उतरला?"

शमशेरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बंद पडलं म्हणावं, तर आप्पांचा निकाल टिकतो आणि उद्या विमान कापलं जातं. आपणहून उतरलो म्हणावं, तर आप्पांचे बैल बाद आणि विमान आजच जप्त.

"तसं बघाय गेलं तर," तो म्हणाला, "इंजिन एकदम चांगलं हाय."

"मग मुद्दाम उतरला?"

"छे छे. मुद्दाम कशाला उतरू?"

"म्हंजे बंद पडलं."

"बंद पडलं असं काय न्हाई म्हणता येणार."

"आरं मग काय त्येला डुलकी लागली हुती?" पृथ्वीराज म्हणाला आणि सगळं मैदान हसलं.

तेवढ्यात शमशेरच्या खिशात फोन वाजला. त्याने खिशावर हात दाबून तो बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा दाबला. मग माझा वाजला. आलेला फोन न घेणं मला आजवर जमलेलं नाही.

"काका," शबाना म्हणाली, "शमशेर फोन उचलत न्हाईत. मी कैफच्या दुकानात आहे, मला दिसतायत ते. खिशाकडं बघतायत आणि उचलत न्हाईत."

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही बरे आहात ना दोघं?"

"हो."

"बरं. आता मला सांगा, पंखा का थांबला होता?"

नेमकं त्याच वेळी ज्ञानू अण्णा म्हणाले, "त्या म्हाताऱ्या बाबांस्नी इचारा. शेजारी बसले हुते. साक्ष त्यांची."

साईराजने माझ्या तोंडासमोर माइक धरला. "बोला बाबा. आणि फोनवर कोण हाय?"

"ह्यांच्या... घरच्या."

"मग त्यास्नीबी ऐकू द्या की!" त्याने माझ्या हातातून फोन घेतला, त्याचा आवाज मोठा केला आणि तो माइकला चिकटवून धरला. शबानाचा श्वास कर्ण्यावरून आख्ख्या जोगणवाडीला ऐकू येऊ लागला.

शाळेच्या वाचनालयात असताना दर वर्षी स्नेहसंमेलनात माझं नाव आभारप्रदर्शनासाठी लिहीत आणि दर वर्षी माझा घसा बसत असे. इथे हजारो माणसं माझ्याकडे पाहत होती. मी शमशेरकडे पाहिलं. तो विमानाकडे पाहत होता. अर्जुना आप्पा हात जोडून उभे होते, आणि एवढा धिप्पाड माणूस कुणापुढे हात जोडतो तेव्हा ते बघवत नाही. खरं तर मला खरंच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं ते खरं सांगण्यासाठीच.

"इंजिनात काही दोष नाही," मी म्हणालो. माझाच आवाज मला तिन्ही बाजूंच्या कर्ण्यांतून ऐकू आला आणि मी दचकलो. "दोष माझा आहे. आमच्या दोघांच्या मध्ये पेट्रोलचा एक कॉक आहे. मला... मला वर गेल्यावर भीती वाटते. काहीतरी धरायला लागतं. मी तो कॉक धरून बसलो होतो. वाऱ्याचा धक्का लागला तेव्हा माझ्याकडून तो फिरला. पेट्रोल बंद झालं. शमशेरने फक्त विमान वाचवलं. तो हुशार माणूस आहे. मी नाही."

आता उलटतपासणी होईल, कॉक कुठल्या बाजूला फिरतो विचारतील, माझं पितळ उघडं पडेल, म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण कुणी काही विचारलं नाही. मी डोळे उघडले तर सगळे माना डोलवत होते.

"व्हय, व्हय. तसंच झालं असनार," गर्दीतला कुणीतरी म्हणाला.

"बगितल्याबरुबर वाटलं हुतं मला," साळूबाई म्हणाल्या.

पृथ्वीराजने एक शेवटचा प्रयत्न केला. "अण्णा, कशावरनं ह्यो म्हातारा आप्पाचाच माणूस न्हाई? मुद्दाम फिरवला असंल कॉक."

ज्ञानू अण्णांनी मला टोपीपासून चपलांपर्यंत नीट पाहिलं. "गड्या, ह्या माणसाकडं बग तरी," ते म्हणाले. "ह्यो कुणाचा कट करणार? चूक झाली. चूक म्हंजे वावटळच. निकाल कायम."

हलगी वाजायला लागली. आप्पांनी मला उचललं, म्हणजे अक्षरशः उचललं, आणि पुन्हा खाली ठेवलं. गुलाल माझ्या चष्म्यावर बसला. त्या गोंधळात कर्ण्यावरून शबानाचा आवाज आला आणि हलगी आपोआप थांबली.

"काका, तुम्ही?"

"हो, शबाना."

तिने मनात ताळा करून पाहिला असावा. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं."

मला जरा वाईट वाटलं. तिने एकदा तरी, निदान शिष्टाचार म्हणून, 'छे, तुम्ही कसं कराल' असं म्हणायला हरकत नव्हती.

"तर मग असं," ती सगळ्या यात्रेला ऐकवत म्हणाली, "उदाहरण बरोबर होतं, उतरवून घेणाऱ्यानं चुकवलं. यात वही फाडायचं कारण न्हाई. विमान राहू दे. पण आजपासून काकांना त्यात बसवायचं न्हाई. शमशेर, ऐकलं का? न्हाईतर करवत आहेच."

"ऐकलं, ऐकलं," शमशेर ओरडला. पुरुषमंडळी हसली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. यात्रेचं मटण सगळीकडे रटरटत होतं. मी जैन आहे हे कळल्यावर साळूबाईंनी माझ्यासाठी वेगळी ताक-भाकरी आणली आणि शेजारी बसून दम दिला, "आता हितनं पुढं कशाला हात लावू नगा हां बाबा." उपांत्य फेरीत सोन्या-पाखऱ्या पुन्हा शेवटून पहिले आले. धावताना ते सारखे मागे वळून आकाशाकडे बघत होते. आप्पांना त्याचं काही नव्हतं. सकाळची गटाची फेरी जिंकलेल्या बैलांना म्हशी म्हणायची आता कुणाची छाती नव्हती.

विमानाचे पंख काढून ते आप्पांच्या ट्रॉलीत घालायचं ठरलं. त्याआधी आम्ही दोघंच त्याच्यापाशी होतो तेव्हा शमशेरने माझे दोन्ही हात धरले. "काका, काय खोटं बोललात! मी सुद्धा क्षणभर खरं मानलं की."

"तू तर कॉक फिरवून पाहिला होतास ना," मी म्हणालो. "तो चालूच असणार."

"चालूच होता. इंजिनच मेलं होतं." तो इंजिनाची झाकणं काढून बसला. पेट्रोल पाहिलं, स्वच्छ. पाणी नाही, कचरा नाही. प्लग पाहिले, ठीक. शेवटी त्याने बटण दाबलं. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं आणि घड्याळासारखं चालू लागलं. मैदानापलीकडे पाखऱ्याने दावं तोडायचा प्रयत्न केला.

शमशेरने ते बंद केलं.

"काका," तो हळूच म्हणाला, "तुमचा हात खरंच न्हवता ना लागला?"

"अरे, तूच म्हणालास की कॉक चालू होता."

"मी घाईत फिरवला ओ. चालूचा बंद केला आणि परत चालू केला, का बंद होता तो चालू केला, आता काय नेमकं आठवत न्हाई. हवेत पंखा थांबला की मग नुसतं पेट्रोल सोडून तो फिरतोय असं थोडंच हाय? आणि बटणाला त्या वेळी ताकदच न्हवती, थंडीनं असंल." तो माझ्या उजव्या हाताकडे पाहत होता.

मीही पाहिलं. सीटवर बसल्यावर माझा हात कुठे असतो? मांडीवर असतो. बहुतेक मांडीवरच असतो. पण इंजिन पहिल्यांदा खाकरलं तेव्हा मी काहीतरी धरलं होतं, एवढं नक्की. ती सीटची कड होती असं मी आजपर्यंत समजत होतो.

"नाही," मी म्हणालो. "बहुतेक नाही."

पुढे शमशेरने इंजिन पूर्ण सोडवलं, एकेक भाग रॉकेलने धुतला, पुन्हा जोडलं. कुठे काही सापडलं नाही. कितीतरी दिवस त्याने ते जमिनीवरच चालवून पाहिलं, पहाटेच्या थंडीत, भर दुपारी, तासन्‌तास. एकदाही अडलं नाही. मग त्याने एकट्याने माळाभोवती फेऱ्या मारल्या, आणि एका रविवारी मला बोलावलं. बसायला नाही, नुसतं बघायला.

मी गेलो तर शबाना कानाला रुमाल बांधून विमानापाशी उभी होती.

"आज मी बसणार," ती म्हणाली. "इंजिन चांगलं आहे हे तर सिद्धच झालं. घाबरायचं ते माणसाला, आणि तो माणूस आता खाली आहे."

"शबाना," मी म्हणालो, "मी काय म्हणतो... जरा थांबलीस तर..."

"काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वयाप्रमाणं होतं असं." तिने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि पंखावर पाय देऊन माझ्या जागेवर जाऊन बसली.

मी शमशेरकडे पाहिलं. शमशेरने माझ्याकडे पाहिलं. तिला थांबवायचं तर त्या दिवशीचं खरं सांगावं लागलं असतं, आणि त्या दिवशीचं खरं काय ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तो काहीतरी बोलणार तेवढ्यात आतून आवाज आला, "चला की, ऊन चढतंय." तो जाऊन बसला.

विमान धावलं, उठलं, निलगिरीच्या झाडांवरून वळून नदीच्या बाजूला गेलं. मी माळावर उभा राहिलो. आवाज लांब गेला, बारीक झाला. मी श्वास धरून ऐकत होतो. जन्मभर कुठे काही बिघडलं, एखादं पुस्तक हरवलं, एखाद्या सभेला माणसं आली नाहीत, की माझ्या मनात यायचं, आपल्याकडून तर काही झालं नाही ना, आणि नसावं म्हणून मी देवाला हात जोडायचो. त्या दिवशी मी हात जोडले ते उलट्या मागणीसाठी. माझाच हात लागलेला असू दे. कॉक मीच फिरवलेला असू दे.

ते परत आले. चाकं टेकली, पंखा थांबला. शबाना उतरली, रुमाल सोडला. तिचे डोळे चमकत होते, केस विस्कटले होते, आणि एवढी हसताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

"बघितलं का काका," ती म्हणाली, "कुणी मध्ये हात घातला न्हाई की कसं नीट चालतं ते?"

"हो ना," मी म्हणालो, आणि खाली बसून चपलेत गेलेला खडा काढू लागलो.